‘घसरून पडला’ असं मी सांगितलं

पंक्चर काढायचं काम लांबून बघणाऱ्याला लई सोपं वाटतं. ट्यूब काढायची, हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि तिथं ठिगळ लावायचं. पण यातलं खरं काम एकच. बुडबुडा दिसला की बोट तिथंच दाबून धरायचं, फडक्यानं जागा पुसायची आणि खडूनं खूण करायची. खूण हुकली की भोक हुकलं. मग बसा पुन्हा बुडवत. म्हणून माझ्या कानावर कायम खडू असतो. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो, तसा.

शिरूर अनंतपाळकडं जिथून रस्ता फुटतो त्या फाट्यावर माझं दुकान आहे. पत्र्याचं. तीस-पस्तीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. मास्तरनं एकदा सगळ्या वर्गासमोर ‘ठोंब्या’ म्हणलं, दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही. बापानं मारलं, आईनं समजावलं, मी गेलो नाही म्हणजे नाही. तसाच आहे मी. वाचायला येतं, लिहायला येतं, पण कागदावर माझा कधी भरवसा नव्हता. माणसाचा शब्द हाच खरा, असं मी मानत आलो. हे का सांगतोय ते पुढं कळेल.

या दिवाळी अंकाचं काम बघणारे एक सर माझ्याकडं मोटरसायकलची हवा भरायला येतात. ते म्हणले, “मामा, तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहून द्या.”

गमतीदार आहेत की. उदगीरचा एक आडत्या होता. पंक्चर निघालं की टायरमधला खिळा परत मागायचा. म्हणायचा, “माझ्या टायरात घुसलाय, खिळा माझा.” रुमालात बांधून घेऊन जायचा. पंधरा-वीस खिळे नेले असतील त्यानं. एकदा विचारलं, “शेठ, करता काय याचं?” तर म्हणला, “व्यंकटराव, तुम्हीच रस्त्यावर टाकता का काय ते बघायलोय. दोन खिळे एकासारखे एक निघाले की तुम्हाला धरतो.” मी महिनाभर त्याची गाडी दारात घेतली नाही. दुसरं दुकान फाट्यावर नव्हतं, शेवटी तोच चहा घेऊन आला.

एका नवरदेवानं तर मुंडावळ्या बांधलेल्या तशाच स्वतः स्टेपनी ढकलत आणली होती. वऱ्हाड मागं, नवरदेव पुढं. मुहूर्त टळायला आलेला. त्याचं पंक्चर मी फुकट काढलं.

पण फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचं आणखी एक काम असतं. त्याची पाटी दुकानावर नसते. गाड्या ठोकल्या की पहिला माणूस पोचतो तो आपणच. पोलिस नंतर, गाववाले नंतर, नातेवाईक तर लईच नंतर.

सुरुवातीला मला काय कळत होतं? फाट्यावर एक ट्रक झाडाला धडकला. तेलंगणातला ड्रायव्हर, डोळे मिटलेले, घरघर चालू. आपल्याकडं माणूस पडला की पहिल्यांदा पाणी. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी गेलंच पाहिजे असं आपण मानतो. मीच त्याचं डोकं मांडीवर घेऊन तांब्यानं पाणी पाजलं. आपण पुण्य केलं असं वाटलं. लातूरला दवाखान्यात नेलं तर तिथल्या सिस्टरनं विचारलं, “पाणी कुणी पाजलं?” मी छाती पुढं काढून म्हणलं, “मी.” ती बाई अशी काय भडकली! म्हणली, “बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं की ते पोटात न्हाई जात मामा, छातीत जातं. तुम्ही त्याला बुडवायला निघाला होता.” नशीब, तो ड्रायव्हर जगला.

मला कुणी बोललेलं सोसत नाही. पण त्या दिवशी मी चूप बसलो आणि तिलाच विचारलं, मग करायचं काय? तिनं दहा मिनिटं उभ्याउभ्या शिकवलं. तेच पुढं आयुष्यभर पुरलं. पहिल्यांदा अँब्युलन्सला फोन, हल्ली तो एकशेआठ नंबरला. रक्त वाहत असलं तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. मान-पाठ वाकवायची नाही. उचलायचंच झालं तर फळीवर, बाजेवर, सरळ. हेल्मेट ओढून काढायचं नाही. तोंडात पाणी नाही, चहा नाही, कांदा नाकाला लावायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही. मी दुकानात एक लांब फळी आणि धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या ठेवायला लागलो. किती माणसं त्या फळीवरून गेली, मोजली नाहीत. बरीच पुन्हा चालत येऊन मला भेटून गेली, एवढं सांगतो. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

दुसरी सवय खडूची. ठोकर झाली की गाडी पळायच्या आत तिचा नंबर दुकानाच्या पत्र्यावर लिहायचा. पोलिस आले की पत्र्याकडं बोट दाखवायचं. ठाण्यातले लोक हसायचे, “मामाचा पत्रा म्हणजे आमचं रजिस्टर.”

आणि तिसरं काम म्हणजे मिटवामिटवी. आमच्याकडं ठोकर झाली की लोक ठाण्यात जायला कचरतात. फिर्याद दिली की गाडी ठाण्यात लागणार, तारखा पडणार, कामं सोडून खेटे घालावे लागणार. त्यापेक्षा चार माणसं बसवा, मिटवा. दिवा फुटला, बंपर वाकला, कुणाचं खरचटलं, असली कितीतरी भांडणं माझ्या बाकड्यावर मिटली. मी म्हणलं की मिटलं. “व्यंकटमामानं शब्द दिलाय ना, मग झालं,” असं लोक म्हणायचे. हे ऐकून मला बरं वाटायचं. लईच बरं वाटायचं.

आता दत्ताचं सांगतो.

दत्ता आमच्या बाजूच्या गावचा. पस्तिशीतला, कष्टाळू, बोलायला गोड. सोयाबीनची रास चालू होती. मळणीयंत्राचा पट्टा तुटला म्हणून मोटरसायकलवर शिरूरला निघाला होता. दुपारचे तीन वाजले असतील. लख्ख ऊन. उदगीरच्या बाजाराला सोयाबीन घेऊन निघालेला एक टेम्पो फाट्यावरून वळला. ना हात दाखवला, ना दिवा लावला. टेम्पोच्या पुढच्या कोपऱ्यानं दत्ताला कुशीत धडक दिली. तो उडून खडीवर पडला. हे सगळं मी माझ्या डोळ्यानं बघितलं. घमेल्यात ट्यूब होती, बुडबुड्यावर बोट होतं, तसाच उठलो.

टेम्पो चालवत होता त्याचा मालक, शेषेराव. माझं जुनं गिऱ्हाईक, वीस वर्षांची ओळख. तो पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. थांबला. खाली उतरला.

दत्ता शुद्धीवर होता. पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. मी फळी आणली, पाय बांधला, एकशेआठला फोन केला. सवयीनं पत्र्यावर टेम्पोचा नंबरही लिहिला. दत्ता मला म्हणला, “मामा, कमलला एकदम सांगू नका. ती रडत बसल. रास तशीच पडलीय.” पायाशिवाय कुठं दुखतंय का विचारलं, तर म्हणला, “न्हाई मामा, जरा दम लागलाय.”

कमल म्हणजे त्याची बायको. कुणीतरी तिला शेतातून आणलंच. आली ती नुसती पायाकडं बघत राहिली. मग मला म्हणली, “मामा, पोलिसात सांगावं लागंल का?”

तेवढ्यात शेषेराव माझे पाय धरायला आला. “व्यंकटराव, ऐन सुगीत टेम्पो ठाण्यात लागला तर मी मेलो. पायच मोडलाय. दवाखान्याची सगळी जिम्मेदारी माझी. तुम्ही म्हणाल तिथं सही देतो.”

मी म्हणलं, “सही नको. शब्द दे.”

फाट्यावर खंडोबाचं छोटं देऊळ आहे. तो तसाच गेला, बेल आणि भंडारा तळहातावर घेऊन चारचौघांत आला. आमच्याकडं बेलभंडारा उचलला म्हणजे पुढं बोलायचं काही राहत नाही. म्हणला, “दत्ता चालायला लागेपर्यंत मी त्याच्या घरचा माणूस.” मी कमलकडं वळून म्हणलं, “पोरी, मी मधी हाय. पोलिसाचं नाव काढू नको. मी सांगतो ते कर.”

ती म्हणली, “तुम्ही म्हणताव तसं, मामा.”

मग मी एक काम केलं. ओलं फडकं घेतलं आणि पत्र्यावरचा टेम्पोचा नंबर पुसला. इतक्या वर्षांत पुसलेला तो पहिला नंबर.

अँब्युलन्स आली, मी सोबत बसलो. लातूरला दवाखान्यात पोचलो. तिथं खिडकीवर नाव, गाव लिहून घेतात, मग डॉक्टर विचारतो, काय झालं? बाहेरच्यांसाठी सांगतो, हा प्रश्न साधा नसतो. त्याच्या उत्तरावरून डॉक्टर ठरवतो मार कुठं कुठं असू शकतो, कुठं तपासायचं. आणि त्याच उत्तरावरून कागदावर पोलिस केसचा शिक्का बसतो, ठाण्याला खबर जाते. एका वाक्यात औषधही असतं आणि कायदाही असतो. हे मला आज कळतं.

तरुण डॉक्टर होता. मान वर न करता म्हणला, “कशानं लागलं?”

मी सांगितलं, “घसरून पडला. खडीवरून गाडी घसरली.”

त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं आणि मग दत्ताकडं. “खरं का हो? कुणी ठोकलं वगैरे नाही ना?”

दत्ता फळीवर पडलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली. दत्ता म्हणला, “हाव. घसरलो.”

डॉक्टरनं लिहिलं. पायाचा फोटो काढला, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. दोन दिवस ठेवून घेतलं, कमल सोबत राहिली. शेषेराव आला, औषधं आणून दिली, केळी आणली, दत्ताच्या उशाशी बसला. मी वॉर्डाच्या दारात उभा राहून ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, याला म्हणतात मिटवणं. कागद नाही, ठाणं नाही, माणसानं माणसाला सांभाळलं.

तिसऱ्या दिवशी सुटी दिली. घरी रास पडलेली, एकट्या कमलला प्लास्टरवाला नवरा आणि शेत दोन्ही झेपणार नव्हतं. तिचा भाऊ बालाजी नांदेडला ऑटो चालवतो. तो म्हणला, महिनाभर माझ्याकडं ठेवतो दाजीला, घर तळमजल्यावर आहे, चढउतार नाही. रास होईस्तोवर कमल इकडं राहील, मग येईल. जीपमध्ये मागची पूर्ण सीट दत्ताला दिली. निघताना मी त्याच्या प्लास्टरवर टिचकी मारली. “काय रे, नवीन टायर बसवलाय, सांभाळून चालव.” तो हसला. पण हसता हसता कुशीवर हात धरला त्यानं. मला ते दिसलं. दिसलं, आणि मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बालाजीचा फोन आला. दत्ता मोरीत चक्कर येऊन पडला होता. अंग गार पडलेलं, पोट फुगलेलं. ऑटोत घालून दवाखान्यात नेलंय, म्हणला. कमलला घेऊन मी निघालो. वाटभर ती खिडकीची दांडी धरून बसली होती, ती नांदेड येईपर्यंत सोडली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला ऑपरेशनला आत नेलं होतं. एक मोठे डॉक्टर बाहेर आले, पन्नाशीचे. म्हणले, “पोटात रक्त झालंय. पाणथरी फाटलीय.” पाणथरी म्हणजे काय ते मला म्हैस-बैलामुळं माहीत होतं. माणसालाही असते, डाव्या बरगडीखाली. “हे नुसतं घसरून होत नाही सहसा. कागदावर घसरला लिहिलंय. नक्की काय झालं होतं?”

बालाजी माझ्याकडं बघत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. कमल खाली बघत होती.

मी म्हणलं, “टेम्पोची धडक होती. कुशीत.”

डॉक्टरांनी लातूरचा कागद पुन्हा बघितला. मग म्हणले, “हे लातूरला का नाही सांगितलं?”

मी उलटं विचारलं, “सांगितलं असतं तर काय झालं असतं, साहेब?”

“पहिल्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी केली असती. नजरेखाली ठेवलं असतं. कदाचित...” एवढंच बोलून ते आत गेले.

दत्ता बाहेर आला तो चादरीत गुंडाळलेला.

ते ‘कदाचित’ माझ्यापाशी आहे. ते पूर्ण ‘हो’ असतं तर मी एकदा रडून मोकळा झालो असतो. ‘नाही’ असतं तर झोपलो असतो. या ‘कदाचित’चं काही करता येत नाही. ट्यूब पाण्यात घालावी, बुडबुडे दिसावेत आणि भोक सापडू नये, तसं आहे.

दत्ताच्या चौदाव्याला मी मांडवात गेलो. शेषेराव आला नाही. फोन केला, उचलला नाही. त्याच्या घरी गेलो तर त्याची बायको म्हणली, गावाला गेलेत. टेम्पो मात्र दारात उभा होता, पुढचा कोपरा नवा रंगवलेला.

पुढच्या आठवड्यात कमल आणि बालाजी दुकानावर आले. गिऱ्हाईक होतं तर ते जाईपर्यंत ती बाकड्यावर बसून राहिली. मग म्हणली, “मामा, वकीलबाईकडं गेलो होतो लातूरला. ती म्हणती फिर्याद न्हाई, पंचनामा न्हाई, लातूरच्या कागदावर घसरून पडला लिवलंय, नांदेडला टेम्पो म्हणलाव तर त्यात नंबर न्हाई. टेम्पो होता हे कोण सांगणार, तिनं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.”

मी म्हणलं, “बाई, शेषेरावानं बेलभंडारा उचललाय. मी त्याला धरून आणतो. तो शब्द मोडणार नाही.”

बालाजी तडकला. “अजून शब्दच? मामा, माझा दाजी गेला तुमच्या शब्दापायी!”

कमलनं त्याला हातानं थांबवलं. मला म्हणली, “एक सांगू का? लातूरलाच रात्रभर त्यांचं पोट दुखायलं होतं. मी म्हणलं डॉक्टरला सांगते. तर मला म्हणले, नको. पोटाचं सांगितलं की विचारतील कशानं दुखतंय. मग मामा खोटं पडतील.”

मी हातातला टायरलिव्हर खाली ठेवला. एसटी आली, थांबली, गेली.

त्याच दिवशी मी शेषेरावाला गाठलं. तो आडतीवर होता. मला बाजूला घेऊन म्हणला, “व्यंकटराव, तुम्ही जुने आहात म्हणून सांगतो. माझा टेम्पो तिथं होताच कुठं? दवाखान्याच्या कागदावर काय हाय बगा. तुमच्याच तोंडचं हाय.” असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. त्या हातानं त्यानं बेल उचलला होता.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो आणि जबाब दिला. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, “मामा, तुमच्या पत्र्यावर तर नंबर असतो कायम. त्याचा फोटो-बिटो?”

“पुसला,” मी म्हणलं.

“कुणी?”

“मी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं.

कमलनं लातूरच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. दोन लेकरं आहेत तिला. शेती थोडी. बेलभंडारा बघितलेल्या चारचौघांतलं दुसरं कुणी साक्षीला यायला तयार झालं नाही, मी प्रत्येक तारखेला गेलो. दुकान बंद ठेवून गेलो. साक्षीचा दिवस आला तेव्हा धुतलेलं धोतर, टोपी घालून उभा राहिलो. आमच्या वकीलबाईनं विचारलं ते सगळं सांगितलं. मग टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील उठला. शांत माणूस, आवाज चढवला नाही.

“लातूरच्या दवाखान्यात माहिती कुणी दिली?”

“मी.”

“काय दिली?”

“घसरून पडला.”

“तुम्हाला कुणी धमकावलं होतं?”

“न्हाई.”

“पैसे दिले होते?”

मी चिडलो. “माझं नाव घेऊन असं बोलायचं न्हाई! फाट्यावर जाऊन विचारा, व्यंकट कधी खोटं बोलला का.”

तो हसलासुद्धा नाही. म्हणला, “म्हणजे तुम्ही खोटं बोलत नाही. मग त्या दिवशी बोललात की आज बोलताय?”

“त्या दिवशी.”

“आजच्या बोलण्याला पुरावा?”

मी म्हणलं, “माझा शब्द.”

कोर्टात मागं कुणीतरी खोकलं. मी जजसाहेबांकडं बघितलं, ते लिहीत होते. मला वाटलं ओरडून सांगावं की साहेब, फाट्यावर माझ्या शब्दावर भांडणं मिटतात. पण तोंड उघडलं नाही. कारण त्या टेबलावर दवाखान्याचा कागद होता आणि त्यावरही माझाच शब्द होता. गरम असताना बोललेला, डॉक्टरनं लगेच टिपून घेतलेला. आज बोललेला शब्द कित्येक महिन्यांनी आणलेला. कुठला खरा धरायचा?

निकाल विरोधात गेला. टेम्पोनं धडक दिली हे सिद्ध होत नाही, असा. वकीलबाई म्हणली, वरच्या कोर्टात जाऊ, अपील करू. केलंय. चालू आहे. कोर्टाला मी दोष देत नाही. माझ्याच शब्दानं माझा शब्द खोटा पाडला, त्याला ते काय करणार.

त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर मी कमलला म्हणलं, “पोरी, मला माफ कर.” आयुष्यात कुणाला म्हणलो नव्हतो. ती म्हणली, “मामा, एसटी जाईल, चला.” एवढंच. तिनं माफ केलं का नाही ते मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

त्यानंतर फाट्यावर मिटवामिटवी मी बंद केली. आता कुणी लागलेला असला की सांगतो, एकशेआठला फोन करा, पोलिसांना कळवा, गाड्या हलवायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढा, नंबर लिहा. डॉक्टरला जसं झालं तसं सांगा, कुणी ठोकलं, कुठं लागलं, केव्हा. फिर्यादीची नक्कल मागून घ्या. मदत करणाऱ्याला आता कायद्यानं नाव सांगायचीही सक्ती नाही, घाबरू नका. लोक ऐकतात, मान हलवतात. बरेच तरीही विचारतात, “मामा, मधी पडून मिटवता येत न्हाई का?”

ह्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. सकाळची वेळ. फाट्यावर एक चारचाकी आणि मोटरसायकल. मोटरसायकलवर नवरा-बायको. नवऱ्याच्या कपाळाला खोक, हात लोंबकळलेला, शुद्धीवर. चारचाकीवाला ओळखीचा, बाजूच्याच तालुक्याचा, भला माणूस. गर्दी झाली. मी फळी आणली, फडकं दाबून धरलं, फोन लावला. चारचाकीवाला हात जोडून आला, “मामा, माझी चूक हाय. मी बेलभंडारा उचलतो. सगळं मी बघतो. तेवढं पोलिसाचं...” आणि सगळी गर्दी, त्या जखमी माणसाची बायकोसुद्धा, माझ्याकडं बघायला लागली. व्यंकटमामा काय म्हणतात?

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला माहीत होतं. खरं तेच सांगा, असं बोलणार होतो. पण त्याच वेळी समोर थांबलेल्या जीपमधून कमल उतरली. शिरूरच्या बाजाराला निघाली होती, डोक्यावर भाजीचं टोपलं. तिनं टोपलं खाली ठेवलं, गर्दीतून आत आली आणि मला म्हणली,

“मामा, तुम्ही गप बसा.”

फाट्यावर मला असं कुणी बोललेलं नव्हतं.

मी गप बसलो.

ती त्या बायकोजवळ जाऊन उकिडवी बसली. “ताई, डॉक्टर विचारंल कशानं लागलं. या गाडीनं ठोकलं म्हणून सांगायचं. मामानं काय सांगितलं, मी काय सांगितलं, काय बी मधी आणायचं न्हाई. कुठं कुठं दुखतंय ते नवऱ्यालाच सांगू द्या. पोट दुखत असंल तर पोट म्हणायचं. लाजायचं न्हाई कुणाला.” त्या बाईनं मान हलवली. कमल म्हणली, “तोंडानं म्हण.” ती म्हणली, “या गाडीनं ठोकलं.” कमलनं तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

अँब्युलन्सचा आवाज यायला लागला. कमल उठली, माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात त्या माणसाच्या कपाळावर फडकं दाबून धरलेले. तिनं माझ्या कानावरचा खडू काढून घेतला आणि पत्र्याकडं गेली. त्या चारचाकीचा नंबर तिनं लिहिला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे तिचं, मोठं आणि ठळक. लिहून झाल्यावर खडू तिनं परत दिला नाही, कमरेला खोचला, टोपलं डोक्यावर घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

तो नंबर अजून पत्र्यावर आहे. त्याच्या शेजारी एक मोकळी जागा आहे, पुसल्यामुळं जरा चकाकते. तिथं मी काही लिहीत नाही.